मे एस्तोय येंदो: अमरावतीला जाऊन येताना

अकोल्याच्या बसस्थानकात बाकावर जागा होती, पण मला बसवेना. फलाटाच्या टोकापर्यंत जायचं, रस्त्याकडे बघायचं, परत पिशवीपाशी यायचं, एवढाच उद्योग चालला होता. माझा प्रबंध स्पॅनिश सिनेमातल्या बायकांवर आहे. पुण्याच्या माझ्या मार्गदर्शक बाईंनी आदल्या दिवशी फोनवर सरळ सांगून टाकलं होतं, "नायिकेचं एक वाक्य तुला मराठीत आणता येत नाही, तर तिच्यावर प्रबंध काय लिहिणार? उद्या संध्याकाळपर्यंत नाही जमलं तर विषय बदलू." ते वाक्य ज्या सिनेमातलं, तो अमरावतीला विद्यापीठाच्या ग्रंथालयातच बघता येणार होता. म्हणून ही धावपळ.

"बस येऊन राहिली," शेजारच्या काकू म्हणाल्या. मी पिशवी उचलून धावत सुटले, एका पोत्याला ठेचकाळले आणि फलाटावर पोचले. फलाट रिकामा.

"कुठंय बस?" मी परत येऊन विचारलं.

"येऊन राहिली मनलं, बाई. आली कुठी मनलं? तुमी कावून पळून राहिल्या?"

वऱ्हाडात 'येऊन राहिली' म्हणजे 'येते आहे'. पुण्याच्या कानाला मात्र ते 'आली आणि थांबली' असं ऐकू येतं. मी इथल्या कॉलेजात शिकवायला आले ती दिवाळीनंतर. एरवी कळतं मला, पण घाईत असले की कान पुण्याला पळतात. काकूंनी सरकून जागा दिली, आणि बस खरोखर येईपर्यंत माझ्या पायाला लागलंय का, ते बघत राहिल्या.

मूर्तिजापूरपर्यंत दोन्ही बाजूंना तूर आणि वेचून उरलेली कपाशी. माती काळीभोर, आभाळ लख्ख, थंडी अंगाला बरी वाटणारी. दुसऱ्या कुणी यावर पानभर लिहिलं असतं. मी खिडकीची हलणारी काच हाताने दाबून धरली होती आणि ते वाक्य घोळवत होते: मे एस्तोय येंदो. 'मी निघाले आहे' असं मी केलं होतं. बाईंनी त्यावर काट मारली होती. म्हणाल्या, "निघाले म्हटलं की ती दाराबाहेर. आणि ही बया तर सिनेमाभर घरातच." त्यांचं बरोबर होतं, म्हणूनच जास्त राग आला होता.

अमरावतीला उतरून ऑटोने विद्यापीठ गाठलं. ओळखपत्र दाखवलं, संगणक मिळाला, सिनेमा उघडला, आणि लक्षात आलं की इयरफोन अकोल्यात खाटेवर राहिलेत. धन्य माझी. मी पिशवी तीनतीनदा उपसताना बघून पलीकडच्या टेबलावरच्या मुलीने आपले इयरफोन पुढे केले. तिचं नाव प्रज्ञा. वलगावची, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायला रोज इथे येते.

"घ्या मॅडम. मले नाही लागत आत्ता. काय पाहून राहिल्या?"

"स्पॅनिश सिनेमा."

"अन् समजते?"

"सगळं समजतं, एक वाक्य सोडून," मी म्हणाले. ती हसली आणि पुस्तकात शिरली.

सिनेमा एका खाणीच्या गावातला. एक बाई मजुरांसाठी खानावळ चालवते. बटाटे सोलताना, चादरी झटकताना, नवऱ्याच्या पाठीला तेल लावताना ती म्हणत असते, मे एस्तोय येंदो. कुणी तिच्याकडे मान वर करून बघत नाही. मी तेच तेच प्रसंग मागे नेऊन ऐकले. 'मी चालले', 'मी जात आहे', 'मी निघतेच आहे'. एकही तिच्या तोंडी बसेना. दुपार झाली तेव्हा मी मनात विषय बदलूनही टाकला होता.

प्रज्ञाने डबा उघडला आणि मला हाक मारली. बाहेर झाडाखाली आम्ही भाकर आणि सोले-वांग्याची भाजी (सोले म्हणजे हिरव्या तुरीचे दाणे) खाल्ली. इतकी तिखट की डोळ्यातून पाणी. रडण्याला निमित्त मिळालं म्हणून मला बरंच वाटलं.

परत आत आलो. प्रज्ञाचा फोन थरथरला. आवाज दाबून ती म्हणाली, "हो माय, निघून राहिली. येऊन राहिली ना." फोन ठेवला, पान उलटलं, पेन्सिल उचलली. तिची चप्पलसुद्धा टेबलाखालीच पडली होती.

"तू निघालीस ना?" मी विचारलं.

"हो. निघूनच राहिली. एवढा धडा झाला की मंग."

"आईला काय वाटेल?"

"तिले मालूम आहे," ती म्हणाली. "तीबी तशीच मनते. मावशीकडे जाऊन राहिली, जाऊन राहिली, अन् दिवसभर चुलीपाशीच."

मी पटकन सिनेमा लावला. खानावळवाली चादरीचं टोक दातात धरून उभी. 'एस्तोय' म्हणजे आहे, पण त्याच्या मुळाशी उभं राहणं आहे. 'येंदो' म्हणजे जाताना. जाऊन राहिली. वऱ्हाडी कानाला ती जाते आहे, पुणेरी कानाला ती राहिली आहे, आणि ती बाई नेमकी दोन्ही करत होती. प्रज्ञाला मी ते वाक्य ऐकवलं आणि मराठी सांगितलं. "मंग? यात कठीण काय होतं?" असं म्हणून तिने इयरफोन मागून घेतले, कारण आता ती खरंच निघाली होती.

परतीच्या बसमध्ये उभं राहायला मिळालं, तेवढंच. बडनेऱ्याच्या पुढे बाईंचा फोन आला. मी वाक्य सांगितलं, 'मी जाऊन राहिली'.

"राहिली नाही, राहिले," बाई म्हणाल्या. "आणि वाचकाला वाटेल गेली आणि तिकडेच राहिली. की इथेच राहिली?"

"तेच तर हवंय, बाई."

बाईंनी ते वाक्य दोनदा स्वतःशीच म्हणून पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "राहिलीच ठेव. विषय बदलू नकोस." मी वरची दांडी घट्ट धरली. मला फार फार आनंद झाला होता आणि तो सांगायला आसपास ओळखीचं कुणी नव्हतं.

"बरं, ते अकोला सोडून पुण्याला कधी येतेस?" त्यांनी विचारलं. हे त्या दर फोनला विचारतात, आणि दर फोनला मी पुढच्या महिन्याचं नाव सांगते.

"येऊन राहिली, बाई," मी म्हणाले.