उमावहिनींची चिठ्ठी

वाचनालयाच्या व्याख्यानमालेला येणारा वक्ता रत्नागिरीत उतरतो कुठे, हे पत्रिकेत छापत नाहीत. तो उमावहिनींकडे उतरतो. त्यांचे यजमान देवदत्त वाचनालयाचे कार्यवाह. त्यामुळे गेली अकरा वर्षं दर जानेवारीत तीन दिवस तीन पाहुणे, त्यांचं आंघोळीचं पाणी, बिनसाखरेचा चहा आणि रात्रीचं जेवण ही व्यवस्था वाचनालयातर्फे, म्हणजे वहिनींच्या ओट्यावर.

विचारवंत त्यांनी अगदी जवळून पाहिले होते. एकांना दर दोन तासांनी कोमट पाणी लागे. एकजण समतेवर सव्वा तास बोलून आले, तीन मोदक जेवले आणि खरकटं ताट तिथंच ठेवून उठले. ते ताट उचलताना वहिनी मनात म्हणाल्या, देवा, यांना सुबुद्धी दे, नाहीतर मला बहिरेपण दे. व्याख्यान मात्र त्यांनी एकही शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं. वक्ता रंगात आला की देवदत्त व्यासपीठावरून भुवई उडवत. अर्थ एवढाच की निघा, भात टाका.

यंदा पहिल्या दिवशी पुण्याच्या वैदेहीताई येणार होत्या. बायकांच्या घरातल्या देवधर्मावरचं त्यांचं पुस्तक वहिनींनी दोनदा वाचलं होतं. दुसऱ्यांदा वाचताना त्या चिडल्या होत्या. बायका रोज दिवा लावतात ती निव्वळ सवय, भक्ती नव्हे, असं ताईंनी ठासून लिहिलं होतं.

वहिनींच्या सासूबाई गेल्या श्रावणात गेल्या. सुतकाचे दहा दिवस देवघर बंद. पण रोज तिन्हीसांजेला वहिनींचे पाय आपोआप तिकडे वळत आणि दाराशी थांबत. वात नाही, तेल नाही, नुसतं उभं राहायचं. त्या दहा दिवसांत देव जितका आठवला तितका सव्वीस वर्षांच्या पूजेत आठवला नव्हता. मग ते काय होतं, सवय की भक्ती? हे सांगू शकेल असं माणूस आयतं घरी येत होतं.

"आज मी प्रश्नोत्तरं संपेपर्यंत बसणार आहे," त्यांनी सकाळीच सांगून टाकलं.

"आणि जेवण?"

"तुमच्याआधी तयार असेल."

दुपारपर्यंत डाळिंब्यांची उसळ, सोलकढी, मोदक सगळं झालं. भातसुद्धा करून दुलईत गुंडाळला. सभागृहात वहिनी तिसऱ्या रांगेत बसल्या.

प्रश्न तोंडी विचारायचे नाहीत, हा या वाचनालयाचा नियम. पूर्वी एक गृहस्थ प्रश्न विचारायला उभे राहिले, पंचवीस मिनिटं बोलले आणि प्रश्नच विसरले, तेव्हापासून चिठ्ठ्या सुरू झाल्या. चिठ्ठ्या वाचतात कार्यवाह. वहिनींनी आपला प्रश्न दोनदा खोडून नीट लिहिला, खाली नाव घातलं आणि चिठ्ठी पुढे पाठवली.

देवदत्तांनी पहिली चिठ्ठी वाचली, "मोबाईलमुळे वाचन कमी झालं का?" हा प्रश्न अकरा वर्षं येतो, एकाच अक्षरात. दुसरी, "आपल्याला लेखनाची प्रेरणा कुठून मिळाली?" तिसरी त्यांनी उघडली, बायकोचं अक्षर ओळखलं, घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली. मग अध्यक्ष दत्तात्रेयांनी दोन शब्दांत समारोप करतो म्हणून चाळीस मिनिटं घेतली.

घरी येताना वहिनींनी विचारलं, "माझी चिठ्ठी का नाही वाचलीत?"

"घरच्यांनी काय प्रश्न विचारायचे गो? लोक म्हणतील कार्यवाहाने बायकोलाच पुढे काढली. जेवताना विचार की निवांत."

निवांत कुठलं. पानं मांडली तशी दत्तात्रेय आणि देवदत्त ताईंच्या दोन बाजूंना बसले, आणि वाचनालयाचं छप्पर, अनुदान, नवी इमारत हे विषय सोलकढीपर्यंत पोचले. वहिनी भात वाढत फिरत राहिल्या. तोंड उघडावं तर कुणीतरी म्हणे, "वहिनी, लिंबू."

सोलकढीची वाटी रिकामी करून वैदेहीताई म्हणाल्या, "सुरेख झालीय. कशी करता हो तुम्ही?"

"चिठ्ठीवर लिहून यांच्याकडे द्या," वहिनी म्हणाल्या. "त्यांना योग्य वाटलं तर वाचून दाखवतील."

देवदत्तांचा घास हातातच राहिला. वहिनींनी डाव खाली ठेवला आणि सुतकाचं सगळं सांगितलं, मधे न थांबता, शेवटच्या प्रश्नापर्यंत.

दत्तात्रेय लगेच सरसावले. "असं बघा वहिनी, भक्तीचे मुळात दोन प्रकार..."

"भावजी, प्रश्न त्यांना आहे."

ताईंनी रिकामी वाटी पानाबाहेर ठेवली. मग म्हणाल्या, "मी बायकांना विचारत गेले, रोज काय करता. करता येत नाही तेव्हा काय होतं, हे कुणालाच विचारलं नाही. आणि सवय म्हणून मोकळी झाले. ते तसं लिहायला नको होतं."

"मग ती भक्तीच होती का?"

"मला नाही सांगता येत. दाराशी तुम्ही उभ्या होतात."

उत्तर असं मिळेल, असं वहिनींना वाटलं नव्हतं. पुस्तकात मात्र बाई किती खात्रीने बोलत होती. त्या जरा चिडल्याच, पण हा राग आधीच्यासारखा नव्हता.

"लिहून द्याल मला हे?" ताईंनी विचारलं.

"लिहिलेलंच आहे," वहिनी म्हणाल्या आणि नवऱ्याकडे बघितलं.

देवदत्तांनी उष्टा हात बाजूला धरून डाव्या हाताने खिसा चाचपला. चिठ्ठी निघाली, चुरगळलेली.

"अशी नको," वहिनी म्हणाल्या. "वाचून दाखवा आधी. कार्यवाह तुम्ही आहात ना?"

देवदत्तांनी चष्मा नाकावर ढकलला आणि वाचायला सुरुवात केली. वहिनी पाटावर टेकल्या. भात संपला होता, दत्तात्रेयांचं पान रिकामं होतं, पण त्या उठल्या नाहीत.