क्रुसापाशी आलेला गुलाबाचा वास

उर्सुला आमच्या पापडी गावातलीच, आमच्यापासून चार घरं सोडून राहते. अंथरुणाला खिळलेल्या आईपायी तिचं लग्न राहूनच गेलं. वालीवच्या एका अत्तराच्या कारखान्यात ती तेलं मिसळायच्या टेबलावर असते. गुलाबाचं अस्सल तेल थंडाव्याने गोठतं. म्हणून आधी बाटली कोमट पाण्यात धरायची, मग मोजके थेंब चंदनाच्या तेलात सोडायचे. बाटलीला नाक लावलं तर डोकं भणभणतं. लांबून, विरळ होऊन आला तरच तो वास गुलाबाचा वाटतो. कपड्यांना लागला की मात्र धुऊनही जात नाही. लोक वळून बघतात, म्हणून चर्चमध्ये मिस्सेलाही ती मागच्या बाकावर बसते.

मे महिन्यात आम्ही गल्लीतल्या क्रुसापाशी देवमातेची जपमाळ, रोझरी म्हणतो. त्या संध्याकाळची रोझरी माझ्या लेकीसाठी, जीनासाठी होती. तिच्या मानेतली गाठ दोन दिवसांनी काढायची होती. प्रार्थना चालू असताना एकदम गुलाबाचा वास आला. क्रुसाला तर नुसता झेंडू वाहिलेला. फुलांशिवाय गुलाबाचा वास आला की देवमाता आली, असं आमच्यात मानतात. माझ्या सासूबाई, क्लेमेंटीन, हात जोडून उभ्याच राहिल्या.

"माय आली गो! आता पोरीला सुरी लावायची नाय."

बायका रडल्या. मीही रडले. घरी येताच नवऱ्याने ऑपरेशन पुढे ढकलायला डॉक्टरांचा नंबर शोधायला घेतला. मी त्याला थांबवलं नाही.

तेवढ्यात उर्सुला आली आणि उंबऱ्यावरच बसली. गळ्यातली ओढणी काढून तिने माझ्या हातात दिली. तोच वास.

"आज बाटली कलंडली. कामावरून थेट आले, तुमच्या मागेच उभी होते."

"आन् तेव्हा तोंड शिवलं होतं तुजं?" सासूबाई कडाडल्या.

"सगळ्या रडत होत्या, मामी. कसं बोलू? मला काय बोलायचं ते बोला, पण पोरीला घेऊन जा."

"तुला काय जातंय बोलायला! पोर ना बाळ."

आईला भरवायचं राहिलंय म्हणत उर्सुला उठली.

ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. गाठ तपासायला पाठवलीय, रिपोर्ट अजून आलेला नाही. उर्सुला रोझरीला यायची बंद झाली. आज तिला बोलवायला गेले.

"नको गं," ती म्हणाली. "मी आले की सगळ्या हुंगत बसतील. आणि तुला उगाच पुन्हा आशा लागेल."

मग मी तिथेच थांबले. तिच्या आईच्या खाटेपाशी आम्ही दोघींनीच रोझरी म्हटली. मध्येच उर्सुलाला डुलकी लागत होती, मध्येच मला. जी जागी असेल ती पुढचं म्हणत होती.