विषम तारखेची बाजू

"एक, तीन, पाच, सात."

माझी आई साडीच्या दुकानाच्या पायऱ्यांखाली उभी राहून म्हणत होती. हात खाली सोडलेले. पदर डोक्यावर. नजर समोरच्या काचेवर, आणि काचेच्या आत लाल शालू नेसवलेली प्लास्टिकची बाई. वरच्या पायरीवर दुकानाचा मालक उभा. त्याच्या शेजारी खुर्ची टाकून पालिकेच्या अतिक्रमण पथकाचा माणूस बसलेला, हातात दुकानातून आलेला चहा. रस्त्यावर पथकाचा ट्रक. मालकाच्या पायाशी चार तराजू.

"आगे?" मालक म्हणाला.

"नऊ, अकरा."

आई सत्तरीला आली होती. मी याच शहरात कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. कॉलेजला निघाले होते, गर्दी दिसली म्हणून गाडी थांबवली. गर्दी हसत होती.

एकोणीसपर्यंत आई नीट आली. मग अडखळली आणि वीस म्हणाली. दुकानात आलेल्या बायकांनी तोंडाला रुमाल लावला. पथकाचा माणूस चहा सांडेल इतका हसला.

"गलत. फिर से. एकपासून," मालक म्हणाला.

मी पुढे झाले. तराजू द्या म्हणाले. मालक मला ओळखत होता. त्याची पुतणी माझ्या वर्गात होती. त्याचा आवाज लगेच मऊ झाला.

"अरे, मॅडम. तुमी कायले मधात येता? आमी साक्षरता अभियान चालवून राह्यलो."

पुन्हा हशा. मी आईचा दंड धरला, चल म्हणाले. तिने हात हळूच सोडवून घेतला.

"तू जाय. तराजू माहा एकटीचा नाई. चौघींचे हायेत."

आणि तिने पुन्हा एकपासून सुरुवात केली. एकतीसपर्यंत म्हटलं. एकवीसच्या आधी ती थांबली तेव्हा तिचे ओठ आतल्या आत हलले. वीस गिळून ती पुढे गेली. मालकाने पायाने तराजू खाली ढकलले. पायऱ्यांवरून ते वाजत आले. एका तराजूचं पारडं चेपलं. तो आईचा होता.

आई आता नाही. म्हणून हे लिहिते आहे, आणि सावकाश लिहिते आहे. घाईत लिहिलं तर नुसता राग उरेल, आणि राग या शहराला पचतो.

आधी त्या दिवशी घडलं काय, ते सांगते.

आमच्या शहराने मोठा रस्ता सुधारायचं ठरवलं. फूटपाथवर सिमेंटचे गट्टू बसवले. मग गटारासाठी ते उखडले. मग वेगळ्या रंगाचे बसवले. फूटपाथ इतका उंच केला की म्हाताऱ्या माणसाला चढता येईना. मग दुकानदारांनी आपापल्या दारापुढे सिमेंटचे उतार ओतले, गाड्यांना वर चढता यावं म्हणून. माणूस खाली, गाडी वर. याला शहरात सौंदर्यीकरण म्हणतात. डॉक्टरांचा जनरेटर फूटपाथवर. शिकवणीवाल्यांच्या दुचाक्या फूटपाथवर. मोबाइलवाल्याची पाटी फूटपाथवर. यातलं एकही अतिक्रमण नाही. अतिक्रमण म्हणजे बांबूची टोपली.

त्या टोपलीत काय असायचं? अंबाडी, तरोट्याची कोवळी भाजी, पावसाळ्यात वास्ते म्हणजे बांबूचे कोंब, उन्हाळ्यात तेंदूची टेंभरं आणि चारोळीची चारं. आमचं मूळ गाव गोंडपिपरीकडचं. बाबा गेल्यावर आई मला घेऊन शहरात आली आणि अहेरीची बस ज्या रस्त्याने जाते त्या रस्त्याच्या कडेला बसली. त्या कडेनं मला एम.ए. केलं. नोकरी लागल्यावर मी तिला म्हटलं, आता पुरे. ती म्हणाली, "घरी बसून कोणासंग बोलू?" ती बसत राहिली. तिच्यासोबत आणखी तिघी. त्यातली गिरजाबाई आईपेक्षा लहान, तोंडाने फटकळ.

मग सम-विषम आलं. विषम तारखेला रस्त्याच्या या, साडीच्या दुकानाच्या बाजूला गाड्या उभ्या करायच्या, सम तारखेला समोरच्या बाजूला. तशा पाट्या लागल्या. बायांना पथकाने तोंडी सांगितलं: ज्या बाजूला गाड्या, त्या बाजूला तुम्ही दिसायचं नाही. दुसऱ्या बाजूला बसा. बायांनी ऐकलं. आई सगळ्यांत आधी, उजाडता उजाडता यायची. पाटी तिला वाचता येत नव्हती, पण त्याची गरजही नव्हती. काल इकडे, आज तिकडे. ती बसली की बाकीच्या तिच्या ओळीत बसायच्या. महिनाभर एकदाही चुकल्या नाहीत.

मग एकतीस तारीख झाली, आणि दुसऱ्या दिवशी एक तारीख आली.

दोन्ही विषम. गाड्यांची बाजू बदलत नाही. आई बदलली. काल तिकडे होते म्हणून आज इकडे येऊन बसली, आणि तिच्या मागे तिघी. साडीवाल्याची पांढरी गाडी आली तेव्हा तिच्या जागेवर अंबाडीच्या जुड्या होत्या. त्याने फोन केला. पथकाचा ट्रक एरवी मेलेलं डुक्कर उचलायलासुद्धा दोन दिवस घेतो, तो चहा उकळायच्या आत हजर झाला.

आई काय म्हणाली होती ते मला गिरजाबाईने नंतर सांगितलं. ती म्हणाली, "भाऊ, काल आमी तिकडं होतो, मंग आज इकडं." एवढंच. त्यावर मालकाने तिला विषम आकडे शिकवायला घेतलं.

संध्याकाळी आई पारड्याचा चेपलेला काठ वरवंट्याने ठोकत बसली होती. मी काही बोलायच्या आत तीच बोलली.

"माहीच चूक झाली बाई. मले कोणी पयले सांगतलं असतं त मी नसती बसली."

तिला वाटत होतं की चूक तिची आहे. तिला लाज वाटत होती, आणि लाज त्या पायऱ्यांवरच्या लोकांची नव्हती, स्वतःच्या अडाणीपणाची होती. त्या रात्रीपासून ती रोज निजण्याआधी मला विचारायची, उद्या कोणती? मी सांगायची. सम की विषम? मी सांगायची. सत्तर वर्षांची बाई उद्याची तारीख पाठ करून झोपायची, म्हणजे तिला अंबाडी विकताना कोणी हसू नये.

मी पालिकेत गेले. ज्या साहेबांकडे हा विषय होता त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. आईला दिली नसती. मी म्हटलं, एकतीसच्या पुढे एक येते. हे पाटीवर कुठे लिहिलेलं नाही आणि कोणी बायांना सांगितलेलं नाही. साहेब हसले.

"मॅडम, वाहनधारकांना ते बरोबर समजतं."

"बायांना?"

"बाया वाहन आहेत का?" आपल्या विनोदावर त्यांनी शिपायाकडे पाहिलं. शिपाई हसला. "तुमच्याकडे स्कूटी आहे ना? मग तुम्हाला काय त्रास आहे?"

मी उठले. जिना उतरताना वाटलं, त्यांच्या वाहनधारकांना काय समजतं ते एकदा बघू. पुढच्या रविवारी मी त्या रस्त्यावर जाऊन उभी राहिले, औषधाच्या दुकानाच्या सावलीत. सम तारीख होती. समोरच्या बाजूला गाड्या होत्या. या बाजूलाही होत्या. साडीवाल्याची पांढरी गाडी उतारावरून चढून फूटपाथवर होती. डॉक्टरांची विषमच्या पाटीला टेकून. पाटी वाकली होती. पुढच्या वळणावर पालिकेची जीप उभी होती, तीही चुकीच्या बाजूला, आणि आत चालक झोपलेला. मंगळवारी परत गेले. मग शुक्रवारी. तारीख कोणतीही असो, दोन्ही बाजू भरलेल्या. आणि रोज सकाळी, पथकाने सांगितलं होतं तसं, टोपल्या उचलून रस्ता ओलांडणाऱ्या चार बाया.

या शहरात सम-विषमचा नियम पाळणारी फक्त चार माणसं होती. त्यांच्यापैकी एकीकडेही गाडी नव्हती.

मी घरी येऊन आईला हे सांगितलं. मला वाटलं, तिचं ओझं उतरेल. ती चूल पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "गाड्यावाल्याची गोष्ट येगळी हाय."

मी पुस्तकांतून अपमानाबद्दल पुष्कळ वाचलं आहे. वर्गात शिकवलं आहे. परीक्षेत त्यावर टीप लिहा असा प्रश्न काढला आहे. पण हे वाक्य माझ्या आईच्या तोंडून आलं, साध्या आवाजात, जसं ती मिठाबद्दल बोलली असती. त्या पायऱ्यांवरचा माणूस जिंकला होता. त्याने तिला आकडे शिकवले नव्हते. त्याने तिला हे शिकवलं होतं. आणि तो एकटा नव्हता. त्याच्या आधी गावातले वरच्या जातीचे होते, त्यांच्या आधी त्यांचे बाप होते. मी त्या दिवशी ठरवलं की हे वाक्य माझ्या तोंडून कधी निघणार नाही, आणि कोणी माझ्यासमोर म्हटलं तर तिथेच तोडीन.

आई थंडीत गेली. छाती भरली, ताप उतरला नाही. ती त्या सकाळमुळे गेली असं मी म्हणणार नाही. खोटं लिहून तिचा मान वाढत नाही.

बुद्धविहारात आईच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. वंदना झाली, लोक जेवायला बसत होते. तेवढ्यात साडीवाला आला, सोबत व्यापारी मंडळाचे दोघे. त्याने चपला बाहेर काढल्या, हात जोडले. त्याची गाडी विहाराच्या गल्लीत आडवी उभी होती आणि जेवणाची पातेली घेऊन येणाऱ्या बाया भिंतीला घासून येत होत्या.

"मॅडम, आई म्हणजे आमच्या घरच्यासारखी. दुकानासमोर रोज दिसाची."

मग त्याने मोबाइल काढून एक चित्र दाखवलं. चकचकीत स्टीलचा बाक. पाठीवर त्याच्या दुकानाचं नाव, मोठं. त्याखाली स्वच्छ शहर, सुंदर शहर. त्याखाली, बारीक अक्षरात, माझ्या आईच्या स्मरणार्थ. बाक तिच्या जागेवर बसवायचा होता. पालिकेची परवानगी झाली होती. अनावरण माझ्या हस्ते. बाजूला तसाच आणखी एक बाक, मग कुंड्या, थेट औषधाच्या दुकानापर्यंत.

गिरजाबाई भाताचं पातेलं घेऊन मागे उभी होती. तिने चित्र पाहिलं.

"आन आमी कुठी बसाचं?"

"तुमाले मंडीत ओटे देल्ले ना पालिकेनं," मंडळाचा एक जण म्हणाला.

"त्या ओट्यायवर तुमच्या पोत्यायची थप्पी हाय, भाऊ. आमी का पोत्यावर बसू?"

साडीवाला माझ्याकडे पाहत राहिला. त्याला खात्री होती. शिकलेली बाई, पगारदार, नाव कोरलं जाणार, पेपरात फोटो येणार. आमच्यातल्या शिकलेल्यांना काय दिलं की ते आपल्याच माणसांच्या अंगावरून चालत जातात, याचा त्याच्या जातीला जुना अनुभव आहे. आणि तो अनुभव अगदीच खोटा नाही, म्हणून मला त्याचा जास्त तिटकारा आला.

त्याने जिवंतपणी तिला तिथे बसू दिलं नाही. मेल्यावर तिचं नाव तिथे बसवायला निघाला होता, म्हणजे बाकीच्या तिघी उठतील.

"माझ्या आईचं नाव तुमच्या बाकावर लागणार नाही," मी म्हणाले.

"मॅडम, भावना समजून घ्या."

"आणि बाकही लागणार नाही."

त्याचा चेहरा पायऱ्यांवरच्या सकाळसारखा झाला. आवाज मात्र तसाच मऊ. "शिकल्या-सवरलेल्या माणसानं असं बोलू नये. नाव नसलं तरी काम होईनच."

"या मग," मी म्हणाले. "आम्ही तिथेच असू."

तो जेवला नाही. मी आग्रह केला नाही.

चार दिवसांनी बाक आले. छिद्र पाडायचं यंत्र घेऊन दोन मजूर आले, पथकाचा तोच माणूस आला. तारीख विषम होती, बाजू गाड्यांची होती. आम्ही तिथेच बसलो होतो. गिरजाबाई, दुसऱ्या दोघी आणि मी, गट्टूंवर पोतं अंथरून, समोर टोपल्या. मी कॉलेजातून रजा घेतली होती आणि अर्जात कारण खरं लिहिलं होतं. मजुरांनी आमच्याकडे पाहिलं, यंत्र खाली ठेवलं आणि बिड्या काढल्या. पथकाचा माणूस वाकून म्हणाला, "मॅडम, तुमी? खाली?"

"तराजूला हात लावू नका," मी म्हणाले.

त्याने लावला नाही. ट्रक दुपारपर्यंत उभा राहिला, मग गेला. बाक साडीच्या दुकानाच्या गोदामात आहेत. ते पुन्हा आणतील. पोलीस आणतील, नोटीस आणतील, कॉलेजच्या प्राचार्यांना फोन करतील. तो फोन आला आहे.

आम्ही रस्ता ओलांडणं बंद केलं आहे. रोज सकाळी, कॉलेज भरायच्या आधी, मी गिरजाबाईजवळ जाऊन बसते. पथकाला आम्ही सांगून ठेवलं आहे. आधी फूटपाथवरची पांढरी गाडी उचला. मग डॉक्टरांची. मग तुमची जीप. सगळ्या उचलून झाल्या की आमच्या टोपल्यांकडे या. तोपर्यंत आम्हाला तारीख विचारू नका.