कोट नसलेली ऑर्डर

साठच्या दशकात दुबईत, खाडीजवळच्या माझ्या शिलाईच्या दुकानात एक म्हातारा जर्मन जनरल यायचा. माप घेताना माणूस का कोण जाणे बोलका होतो, आणि हा तर थांबायचाच नाही. पहिल्या महायुद्धात तो पोरसवदा लेफ्टनंट होता, पायात गोळी घेऊन घरी आला. त्याच्या पँटचा डावा पाय मी अर्धा इंच आखूड ठेवायचो. दुसऱ्या युद्धात जनरल होऊन रशियात घुसला. बर्फ पडायच्या आत जिंकणारच, म्हणून सैनिकांचे गरम कोट मागेच राहू दिले. किती माणसं गोठून मेली ते तो हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं सांगायचा. चूक अर्थात वरच्यांची.

आता दक्षिणेच्या डोंगरात कुणा शेखासाठी तो माणसं जमवत होता. माझ्या धाकट्या भावाला त्याने ट्रक चालवायला घेतलं. आईने त्याला रत्नागिरीहून माझ्या भरवशावर पाठवलेलं. मी नको म्हणालो, पण पोरगं हुरळून गेलं होतं.

मग जनरलने तीस खाकी शर्ट आणि तीस पँटी सांगितल्या. एवढी मोठी ऑर्डर, मीही खूश झालो. वही मिटताना आठवलं, तिकडे थंडी फार पडते म्हणतात. म्हणून कोटांचं विचारलं.

"कोट नकोत. थंडीच्या आत परत येऊ."

ऑर्डर तिथेच नाकारायला हवी होती. नाकारली नाही. सगळे कपडे वेळेवर शिवले आणि भावासाठी जाड लोकरीचा एक कोट शिवला, दुहेरी अस्तर लावून. निघायच्या दिवशी तो हसला.

"भाई, महिन्याभरात खलास होईल सगळं. हे ओझं कुठे नेऊ?"

कोट खुंटीला टांगून तो ट्रकमध्ये जाऊन बसला.

जानेवारीत जनरल एकटाच दुकानात आला. वाळला होता, पँट कमरेत घ्यायची होती. मी त्याच्यामागे रस्त्यावर पाहिलं. ट्रक नव्हता. त्याची नजर खुंटीकडे गेली.

"तुझा भाऊ गाडी छान चालवायचा," तो म्हणाला.

ट्रक घाटात बंद पडला होता आणि दोन रात्रींच्या गारठ्याने आतली सगळी माणसं गेली. चूक म्हणे शेखाच्या लोकांची. एवढं सांगून त्याने सवयीने दोन्ही हात वर केले. मोजपट्टी माझ्या गळ्यातच होती.

आणि मी माप घेतलं.