मधोमध आवळलेला कण

"हे आलं कुठून, ते सांगा आधी." जीवशास्त्राच्या मॅडम वर्गात पाऊल टाकायच्या त्याच हे विचारत. फळ्यावर पेशी काढायची आणि तिचे भाग पाठ करून घ्यायचे, एवढं साधं काम होतं. ते सोडून त्या प्रत्येक भाग तयार कसा होतो याच्या मागे लागत. असं माणूस संस्थेला किती परवडतं, हे तुम्हीही पाहिलं असेलच.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. जवळा बाजारच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी गणित शिकवायचो. मॅडम शिरड शहापूरहून जीपने येत. तासिकेवर होत्या, कायम व्हायच्या होत्या. पेशीतला हिरवा कण, म्हणजे हरितलवक, जुन्याच कणाचे दोन होऊन वाढतो, हे त्यांना मुलींना दाखवायचंच होतं. विहिरीच्या कठड्यावरचं मखमली शेवाळ, म्हणजे मॉस, खरवडून त्यांनी त्याचं इवलं पान सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. सूक्ष्मदर्शक आम्ही फार जपला होता; म्हणजे कपाटातून कधी काढलाच नव्हता.

पुढे शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला आले. त्यांनी एका मुलीला पेशीचे भाग विचारले. तिने ते धडाधडा सांगितले आणि वर हेही सांगितलं, की हरितलवक मधोमध आवळत जातो, मग दुभंगतो, आणि तसा आवळलेला कण तिने स्वतः पाहिलाय. साहेबांना नुसते भाग पुरेसे होते.

"हे पुस्तकात कुठं आहे?" त्यांनी मॅडमना विचारलं.

"पुस्तकात न्हाई, साहेब. पानात हाय. बघा की." मॅडमनी सूक्ष्मदर्शक पुढे सरकवला.

साहेब वाकले नाहीत. पदाला शोभलं नसतं. शेऱ्यात त्यांनी लिहिलं, 'अभ्यासक्रमाबाहेरचे शिकवतात, उद्धट बोलतात.' संस्थेने माफीनामा मागितला. चूक काय ते कळवा, लगेच माफी मागते, असं मॅडमनी लिहून दिलं. पुढच्या जूनसाठी त्यांच्या जागी संस्थेच्या अध्यक्षांच्या भाच्याचं नाव निघालं. आम्ही सहकाऱ्यांनी मॅडमना पूर्ण पाठिंबा दिला. त्या शिक्षकांच्या खोलीत आल्या की आम्ही आदराने गप्प व्हायचो.

शेवटच्या दिवशी मी त्यांना जीपपर्यंत सोडायला गेलो. तुमचं शिकवणं फार चांगलं होतं, असं म्हणालो. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"सर, पोरी सूक्ष्मदर्शकात बघायच्या ते तुमी कधी बघितलं का?"

भिंतीपलीकडच्याच खोलीत शिकवणारा मी म्हणालो, "व्हय, बघितलं की."

त्या एकदम खुलल्या. "मग कसं दिसलं?"

तेवढ्यात जीप सुटली आणि माझी अब्रू वाचली. मागच्या फळीवर बसून, मान वळवून, त्या उत्तराची वाट पाहत लांब जात राहिल्या.