मावशीचं धुणं

प्रयोगशाळेत सगळे तिला मावशी म्हणत, अगदी मोठे साहेबसुद्धा, आणि त्या एका शब्दात तिची एकोणीस वर्षं गुंडाळून टाकली होती. तिचं काम नाजूक. पांढऱ्या भुकटीवर सोनं आणि पॅलेडियम या दोन धातूंचे डोळ्यांना न दिसणारे कण बसवायचे. ती भुकटी विशिष्ट अल्कोहोलात टाकून प्राणवायू सोडला, की कडू बदामाचा वास सुटे. वास आला म्हणजे भुकटी जमली.

त्यावर साहेबांनी शोधनिबंध छापला. सात नावं, त्यात साहेबांच्या जावयाचं, ज्याने फार तर दिवे लावले असतील. मावशीने आपल्या नावाबद्दल विचारलं, तर साहेब हसले. "मावशी, धुणंभांडी करणाऱ्यांची नावं कोणी छापतं का?"

हे तिच्या जिव्हारी लागलं. ती भांडली नाही, पण माफही केलं नाही. निबंध घरी नेऊन ओळन् ओळ वाचला. कृतीत लिहिलं होतं, 'भुकटी पाण्याने धुवावी.' झालं. ती मात्र गरम पाण्याने आठ-नऊ वेळा धुवायची, आणि शेवटच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकून बघायची. पाणी दुधाळ झालं, तर धातूंच्या क्षारांतून आलेलं क्लोराइड शिल्लक आहे. ते राहिलं, की नंतर भुकटी भट्टीत भाजताना धातूचे कण एकमेकांना चिकटतात आणि भुकटी वाया जाते. हे तिला कोणी कधी विचारलंच नव्हतं. तिने तोंड शिवून घेतलं आणि दोन महिन्यांत निवृत्ती घेतली.

मग कारखान्याची माणसं प्रात्यक्षिक बघायला येणार असं ठरलं. जावयाने निबंध समोर ठेवून भुकटी केली. तीनदा केली. वास म्हणून नाही. आदल्या दुपारी साहेब स्वतः तिचे तीन जिने चढून आले.

"मावशी, काहीतरी राहतंय. तुम्ही नेमकं काय करायचात?"

ती दारातच उभी राहिली. आत या म्हणाली नाही. इतक्या वर्षांत तिला एवढं बरं कधी वाटलं नव्हतं.

"मी काय करणार साहेब? मी धुवायचे."

साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. "पुढच्या निबंधात तुमचं नाव पहिलं घालतो. शब्द देतो."

"पुढचं पुढे. याच निबंधाची दुरुस्ती छापा. धुणारीचं नाव राहिलं होतं, असं लिहा."

"अहो, त्याला सहा महिने लागतात. माणसं उद्या येतायत. कसं धुवायचं, तेवढं तरी सांगा."

"छापलंय की तुम्ही," मावशी म्हणाली आणि दार लावून घेतलं.