याडीनं शिवलेलं टॅबचं कव्हर

बायांनो, आज मी खोटं बोलली. अन् तेही आईच्या समोर.

ऑफिसातून मले सर्वेसाठी टॅब भेटला. माझ्या याडीनं, म्हणजे आईनं, दोऱ्यानं माप घेऊन त्याले कव्हर शिवलं. कापड तिच्या लग्नातल्या घागऱ्याचं, वरून बारीक आरसे लावलेले.

दुपारी आम्ही दोघी टॅबले काच लावायले दारव्ह्याले गेलतो. दुकानात ऑफिसातल्या मॅडम भेटल्या. कव्हर पाहून हसल्या. "हे काय, तांड्यावरून आणलं का?"

माझ्या तोंडून निघालं, "नाही मॅडम, प्रदर्शनात घेतलतं. बदलायलेच आली इथं."

याडी बाजूलेच उभी होती. तिनं लगेच मान हलवली. "हो मॅडम, इकतचंच हाय."

जीपनं तांड्यावर परत आलो. घरी मी हातपाय धुवून आली, तं ती ओट्यावर कैची घेऊन एकेक आरसा उसवून राह्यली होती.

"याडी, काहून वं?"

तिनं वर पाह्यलंच नाही. "आता साधं दिसते बाई. आता तं नेशील ना?"

सांगा, कोणत्या तोंडानं हो म्हणू?